नोझलमधला पक्का झालेला गोंद काढायचं यंत्र : कामाच्या नोंदी

४ जून

आजपासून तारखेनुसार लिहून ठेवायचं ठरवलं. गेले तीन आठवडे चिठ्ठ्याचपाट्यांवर आकडे लिहून काम चाललंय आणि कुठल्या नोझलला काय केलं होतं ते आता सांगता येत नाही, असं चालणार नाही.

तर गोष्ट अशी. उत्पादनाच्या लाइनवर पीयूआर हॉट मेल्ट आहे (पॉलियुरेथेनचा, गरम करून लावायचा गोंद), पितळी नोझल, टोकाचं भोक ०.४ मिमी. लाइन थांबली की टोकाला हवेतला ओलावा लागतो आणि गोंद तिथूनच पक्का व्हायला लागतो, मग हळूहळू आत सरकतो. साधा ईव्हीए गोंद असता तर परत गरम केल्यावर वितळून बाहेर आला असता. पीयूआरचं तसं नाही, ओलाव्याशी रिअ‍ॅक्शन होऊन त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि ते जाळं उष्णतेने परत सुटत नाही, कितीही तापवा. फार तापवलं तर जळतो आणि त्या धुरात आयसोसायनेट (गोंदातलंच रसायन) असतं, ते छातीत गेलं की दम्यासारखा त्रास मागे लागू शकतो आणि एकदा लागला की पुढे थोड्याशा वासानेही उठतो. त्यामुळे बर्नरवर नोझल धरणं बंद, हे मी सगळ्यात आधी सगळ्यांना सांगितलं.

मग उरली तार आणि बारीक ड्रिल. लाइनवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, ते सरळ म्हणाले, "तार घालू नका म्हणता, ड्रिल घालू नका म्हणता, बर्नर नको म्हणता. मग शिफ्ट सुरू व्हायच्या आधी अर्ध्या तासात मी करू काय ते तरी सांगा." प्रश्न अगदी बरोबर आहे आणि माझ्याकडे आज त्याचं उत्तर नाही. ते उत्तर म्हणजेच हे यंत्र.

५ जून

आधी नुकसान मोजलं. "साफ केलेली" म्हणून डब्यात ठेवलेली १४ नोझल घेतली, भिंगाखाली एकेक बघितली. ९ नोझलच्या तोंडावर ड्रिलचे ओरखडे आहेत, दोघांचं भोक गोल राहिलेलंच नाही, एका बाजूला ओढल्यासारखं झालंय. नुसतं बघून मात्र किती बिघडलंय ते कळत नाही, म्हणून एक टेस्टर जोडला. ५०० मिलीची छोटी टाकी, तिच्यात २ बार हवा भरायची, नोझलमधून सोडायची आणि गेजचा काटा २ वरून १ वर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. एवढंच. पण फार उपयोगी निघालं.

नवीन कोरी ६ नोझल : १०.१ ते १०.४ सेकंद. म्हणजे टेस्टर भरवशाचा आहे.
तार घातलेली : बरीचशी ११ ते १३ मध्ये, म्हणजे अजून आत गोंद आहेच.
ड्रिल घातलेली : ९ पासून खाली, सगळ्यात वाईट ८.३.

हे ८.३ वाचून कोणी म्हणेल दोन सेकंदांचा तर फरक, त्यात काय. हवेचा वेळ भोकाच्या क्षेत्रफळावर जातो, ८.३ म्हणजे क्षेत्रफळ साधारण २३-२४ टक्के वाढलं, म्हणजे भोक ०.४ चं ०.४४ झालं. पण गोंद हवेसारखा पळत नाही, तो चिकट आहे, बारीक भोकातून चिकट द्रव जातो तेव्हा त्याचा प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. १.१ चा चौथा घात १.४६. म्हणजे त्याच दाबाला जवळपास दीडपट गोंद पडणार. उलट बाजूने पण तसंच, आत थर राहून भोक ०.३६ झालं तर गोंद एकतृतीयांशाने कमी. लाइनवर सारखं प्रेशर वरखाली करावं लागत होतं ते यामुळे, गोंदाच्या बॅचला उगीच दोष देत होतो आपण.

तेव्हा यंत्राची कसोटी आजच ठरवून टाकली. नोझल चकचकीत दिसतंय का हे बघायचं नाही. वेळ १०.० ते १०.५ मध्ये आली तरच साफ.

८ जून

एक खराब नोझल बळी दिलं. लांबीच्या बाजूने पॉलिश पेपरवर घासत घासत अर्धं केलं, पाऊण तास गेला पण आत्तापर्यंतच्या सगळ्या कामात हाच वेळ सगळ्यात सार्थकी लागला. आत काय आहे ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. मागचं तोंड ३ मिमी रुंद, मग शंकूसारखं निमुळतं होत जातं आणि शेवटी साधारण दीड मिमी लांबीचं सरळ ०.४ चं भोक. त्या सरळ भोकात गोंद पिवळट, काचेसारखा दिसणारा, सुईने टोचलं तर सुई दबून परत येते. जसजसं मागे जावं तसा मऊ, आणि शंकूच्या खांद्यावर एक कॉलर बसलेली, ब्राऊन, कित्येक दिवसांच्या थरांची. तार घातली की बरोबर मधोमध बोगदा पडतो आणि ती कॉलर तशीच राहते. म्हणून वेळ ११-१३.

आणि हे बघताना दुसरी गोष्ट लक्षात आली जी खरं तर आधीच यायला हवी होती. आपण सगळे मागून पुढे ढकलतोय. मागे रुंद, पुढे निमुळतं. म्हणजे जितका जोर लावू तितकं गोंदाचं बूच शंकूत जास्त घट्ट बसणार, बाटलीत बूच ठोकल्यासारखं. ढकलायचं तर टोकाकडून मागे. मागे जागाच जागा आहे.

यापुढचं सगळं काम उलट दिशेने.

९ जून

टोकाला रबरी कप लावून ६ बार हवा मागे सोडून बघितली. काहीही नाही. कागदावर हिशोब केला तेव्हा समजलं की होणारच नव्हतं. ०.४ मिमी भोकाचं क्षेत्रफळ ०.१२६ चौ. मिमी, ६ बार म्हणजे चौ. मिमीला ०.६ न्यूटन, गुणाकार ०.०७५ न्यूटन, म्हणजे साडेसात-पावणेआठ ग्रॅमचा जोर! हवेचा फटकारा कानाला मोठा वाटतो पण बुचाला तो जाणवतही नाही.

दाब वाढवायचाच असेल तर हवेने नाही. दाबलेल्या हवेत शक्ती साठून राहते, काही फुटलं तर तुकडे गोळीसारखे येतात. द्रव जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे १०० बारला सुद्धा फारसं काही साठत नाही, जॉइंट सुटला तर थोडं गळून दाब लगेच पडतो. तरी बारीक धार अंगात घुसू शकते, म्हणून समोर गार्ड पाहिजेच आणि दाब असताना नोझल बसतं त्या सीटजवळ बोट न्यायचं नाही.

१३ जून

स्क्रू प्रेस तयार झाला. रचना अशी : स्टीलचा ठोकळा, त्यात ६ मिमीचं भोक, त्यात प्लंजर (दट्ट्या), प्लंजरच्या मागे स्क्रू आणि आडवा दांडा. ६ मिमीच्या प्लंजरला १०० बारसाठी २८३ न्यूटन लागतात, म्हणजे २९ किलोच्या आसपास, स्क्रूवर हाताने सहज होतं. समोर टेफ्लॉनचं सीट, त्याला मधे छोटं भोक, त्यावर नोझलचं टोक उलटं दाबून मागून क्लॅम्प. बाजूला प्रेशर गेज.

कोरडीच, काहीही न भिजवता ८ नोझल लावली. एक सुटलं. एकच, पण बूच मागून अख्खं बाहेर आलं, इवलीशी पिवळी कांडी, पुढे काडी आणि मागे कॉलरची छत्री, खिळ्यासारखी. काकांना बोलावून दाखवली, त्यांनी चिमट्यात धरून उजेडाकडे केली आणि म्हणाले, "हे असं आत बसलेलं असतं होय." ती कांडी डबीत ठेवलीय.

बाकी सात जागच्या हलल्या नाहीत. तिसऱ्यांदा १०० बारला नेल्यावर टेफ्लॉनचं सीटच भोकातून शेवयीसारखं बाहेर यायला लागलं. टेफ्लॉन दाबाखाली सरकतं, हे मी गृहीत धरायला हवं होतं. सीटला बाहेरून स्टीलची रिंग करून घेतली, आता चारी बाजूंनी कोंडलंय, सरकत नाही.

पण मुद्दा उरतोच. बुचाची भिंतीला चिकटलेली बाजू साधारण २ चौ. मिमी, तिथल्या चिकटण्यापुढे १०० बारचा सव्वा न्यूटन कमीच पडतो. आधी ती पकड सैल करायला हवी.

१६ जून

सॉल्व्हंट. एकाने ॲसिटोन गरम करून अल्ट्रासॉनिक टाकीत (ध्वनिलहरींनी सफाई करणारी) ओतायचं सुचवलं, मी सरळ नाही म्हटलं. ॲसिटोन ५६ अंशाला उकळतं आणि त्याची वाफ उणे २० अंशालाही पेट घेऊ शकते, आणि त्या टाकीच्या आत-बाहेर इलेक्ट्रिक वायरिंग असतं. पेट घेणारं काही टाकीत थेट ओतायचंच नाही. शिवाय पक्क्या पीयूआरला कुठलंच सॉल्व्हंट साखरेसारखं विरघळवत नाही, फार तर फुगवतं.

बेंझाइल अल्कोहोल घेतलं. पेंट स्ट्रिपरमध्ये हल्ली हेच वापरतात, उकळतं २०५ अंशाला, फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, ९३ च्या आसपास. ६० अंशावर ठेवायचं ठरवलं, म्हणजे मधे तीसेक अंशांचं अंतर राहतं. ग्लोव्ह्ज ब्यूटाइल रबराचे, चष्मा, एक्झॉस्ट चालू.

चार तास ठेवून काढलं तर टोकाकडून नुसतं वरवर मऊ, आत काही फरक नाही. का? मागच्या ३ मिमीच्या तोंडातून द्रव आत गेलाच नाही. बूच बंद आहे, आत हवेचा बुडबुडा अडकलेला, आणि इतक्या बारीक नळीत बुडबुडा आपोआप वर येत नाही, पृष्ठताण त्याला धरून ठेवतो. नोझल उभं धरून टिचक्या मारल्या तेव्हा एक बुडबुडा सावकाश बाहेर आला. म्हणजे चार तास ते आतून कोरडंच होतं.

१८ जून

उपाय व्हॅक्यूम. भांड्यावर झाकण, हवा ओढायची की आतला बुडबुडा फुगून बाहेर येतो, मग हवा सोडली की द्रव त्याच्या जागी आत ढकलला जातो. दोनतीनदा केलं की खांद्यापर्यंत ओलं. बेंझाइल अल्कोहोल इथे पण बरं पडतं, ६० अंशालाही त्याची वाफ फार कमी, ॲसिटोन असतं तर व्हॅक्यूम लावल्या लावल्या उकळलं असतं. टायमर बसवला, दर १० मिनिटांनी एक पल्स.

२० जून

आज वाया गेला. सकाळी बघतो तर व्हॅक्यूम धरतच नाही. झाकणाची ओ-रिंग काळी नायट्राइल रबराची, ती फुगून खाचेतून वर आली होती, ३ मिमीची जवळजवळ ४ ची झालेली आणि हाताला बुळबुळीत. ऑइलला नायट्राइल चालतं म्हणून सवयीने तीच टाकली होती, या सॉल्व्हंटला ती अजिबात चालत नाही. आणि आत बघायला म्हणून झाकणात ॲक्रिलिकची खिडकी केली होती तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. व्हॅक्यूमखाली चिरलेलं ॲक्रिलिक म्हणजे सरळ धोका, लगेच काढलं. आता झाकण पूर्ण स्टीलचं, ओ-रिंग व्हायटन रबराची, नळ्या टेफ्लॉनच्या. खिडकी नको, वेळेवर भरवसा ठेवायचा.

२३ जून

हा आठवडा मला सगळ्यात जास्त शिकवून गेला असं आत्ताच वाटतंय.

व्हॅक्यूम पल्ससकट चार तास भिजवून ६ नोझल लगेच प्रेसवर लावली. सुटली फक्त एक. कोरड्यापेक्षा काहीच बरं नाही. खूप खट्टू झालो, मग जेवायच्या सुट्टीत लक्षात आलं की फुगलेलं बूच भोकात जास्तच घट्ट बसणार ना. दारं पावसाळ्यात फुगून बसतात तसं. सॉल्व्हंट त्याला कमजोर करतंय हे खरं, पण त्याच वेळी भिंतीवर दाबूनही धरतंय.

मग ते आकसवायचं कसं? थंड करून. पितळ एका अंशाला मीटरमागे १९ मायक्रॉन आकसतं, पॉलियुरेथेन त्याच्या आठ-दहा पट. ६० अंशावरून उणे १० पर्यंत आणलं तर ०.४ मिमीच्या बुचात आणि भोकात चारपाच मायक्रॉनचा फरक पडतो. ऐकायला काहीच नाही, पण चिकटलेली कड उचलायला तेवढं पुरतं. बेंझाइल अल्कोहोल स्वतः उणे १५ ला गोठतं म्हणून त्याच्या खाली जायचं नाही, नाहीतर तेच आत बर्फासारखं अडकेल.

दुपारी उरलेली पाच, निथळून, डबीत बंद करून फ्रीझरमध्ये तासभर. काढली आणि लगेच प्रेसवर. पहिलं ४० बारला सुटलं. टक् असा बारीक आवाज येतो आणि गेजचा काटा धाडकन खाली. पाचपैकी चार सुटली! चौथ्याच्या वेळी काका मागे येऊन उभे होते, "आवाज आला की समजायचं ना?" म्हणाले. हो, आवाज आला की समजायचं.

२४ जून

काल थंड करून जी चार सुटली त्यांचा वेळ : १०.२, १०.३, १०.२, १०.८. शेवटच्यात खांद्यावर थर आहे. त्यासाठी अल्ट्रासॉनिक, पण टाकीत पाणी आणि नोझल काचेच्या छोट्या झाकणवाल्या बाटलीत सॉल्व्हंटमध्ये, बाटली पाण्यात. ४० किलोहर्ट्झ, १५ मिनिटं. आता भोक मोकळं असल्यामुळे आत द्रव भरलेला राहतो आणि लाटा आतपर्यंत पोचतात, बूच असताना हेच करून उपयोग झाला नव्हता. १०.३ वर आली.

२७ जून

हे नीट लिहून ठेवतो, पुढे कोणी असं यंत्र करेल त्याने आधी हेच वाचावं.

संध्याकाळी भांडं गार. कंट्रोलरच्या स्क्रीनवर ३१ अंश आणि हीटरचा दिवा चालूच. थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) भांड्याच्या खिशातून निसटून बाहेर लोंबत होतं. त्याला खोलीचं तापमान दिसत होतं आणि कंट्रोलर इमानदारीत हीटर देत राहिला होता. भांडं गार कसं मग? कारण भांड्याच्या बुडाशी ७५ अंशाला हीटर तोडणारा वेगळा कटआउट बसवला होता, रीसेट बटणवाला, कंट्रोलरशी काही संबंध नसलेला, सरळ हीटरच्या वायरमध्ये. तो उडाला होता. तो नसता तर द्रव ९३ च्या पुढे गेला असता, बंद खोलीत, कोणी नसताना. हात थरथरले माझे.

आज दोन बदल. थर्मोकपल आता थ्रेडने कसलेलं, ओढलं तरी निघत नाही. आणि हीटर १० मिनिटं चालू असून तापमान ५ अंशसुद्धा वाढलं नाही तर कंट्रोलर स्वतः बंद होऊन भोंगा वाजवतो. कटआउट जागच्या जागी, त्याला हात लावायचा नाही.

१ जुलै

साफ झालेली १२ नोझल लाइनवर गेली आणि तक्रार आली की सुरुवातीचा गोंद पकडतच नाही, दुसऱ्या दिवशीपण चिकट. प्रेशर बरोबर, जाडी बरोबर, तरीही. कारण आपल्याच साफसफाईत होतं. बेंझाइल अल्कोहोल हे अल्कोहोल आहे, पीयूआरमधल्या आयसोसायनेटला ते ओलाव्याआधीच जाऊन चिकटतं आणि साखळीचं टोक बंद करून टाकतं, मग जाळं बनतच नाही. आतल्या खांद्यावर थोडा ओशट थर राहिला तरी पुरे. आयपीएने (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) धुऊन पण तेच, तेही अल्कोहोल.

म्हणून शेवटचं धुणं ॲसिटोनने, गार, झाकणाच्या बाटलीत, थोडंसं, हीटरच्या टेबलापासून लांब. मग कोरडी हवा पाच मिनिटं, आणि लाइनवर लावल्यावर पहिला थोडा गोंद टाकाऊ पुठ्ठ्यावर सोडायचा. दुसऱ्या खेपेला तक्रार नाही.

५ जुलै

द्रव पिवळा झालाय आणि झाकण उघडलं की कडू बदामासारखा वास येतो. हवेने त्याचं थोडं थोडं बेंझाल्डिहाइड होतं, त्याचा तो वास. तळाशी गाळ पण आहे. गाळून एकदा वापरलं, मग बदललं. जुनं सांडपाण्यात नाही, सॉल्व्हंट वेस्टच्या कॅनमध्ये, कॅनवर नाव-तारीख.

आजपर्यंतचा हिशोब : पूर्ण सायकल केलेली ४०, कसोटीत बसलेली ३५. न सुटलेली ५ पैकी ३ आधीच ड्रिलने ओरबाडलेली होती, बूच त्या चरांमध्ये पकडून बसतं. ओरबाडलेलं नोझल यापुढे यंत्रात घ्यायचंच नाही, आधी भिंगाखाली बघायचं.

१० जुलै

काकांच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर अजून बाकी होतं. चार तास भिजवणं, तासभर थंड, हे शिफ्टआधीच्या अर्ध्या तासात कसं बसणार? बसत नाही. म्हणून प्रत्येक जागेसाठी दोन नोझल, एक लाइनवर, एक यंत्रात, नंबर कोरलेले. आणि शिफ्ट संपताना गोंदाचं टोक पुसून लगेच पॅराफिन ऑइलच्या छोट्या कपात बुडवून ठेवायचं, ओलावा पोचतच नाही. कप काकांनीच बसवले, प्रत्येक हेडखाली स्प्रिंगच्या पट्टीवर, हेड खाली आलं की टोक आपोआप बुडतं. पट्टीची कल्पना माझी नाही, पूर्ण त्यांची.

चार दिवसांत एकूण दोनच नोझल तुंबली.

१३ जुलै

सकाळी काका ७ नंबरचं नोझल घेऊन आले, आधी टेस्टरवर लावलं, काट्याकडे बघत उभे राहिले, १०.२. "जातंय," म्हणाले आणि घेऊन गेले.

प्रेसचं सीट परत थोडं दबलंय, ३० बारच्या वर गळतं. उद्या नवीन टेफ्लॉन कापायचं, यावेळी रिंगमध्ये फट अजून कमी ठेवून.